एका दिवसात लिस्बन: चढ गाडीने, उतार पायी

लिस्बन एका दिवसात समाधानाने बघता येतं. मात्र नकाशावरचे ठिपके जोडून आखलेला कार्यक्रम इथे दुपारपर्यंत कोलमडतो. नकाशा सपाट असतो आणि हे शहर टेकड्यांवर वसलेलं आहे. सांव जॉर्ज किल्ला आणि कार्मोचं छप्पर नसलेलं चर्च समोरासमोर दिसतात, सरळ रेषेत अंतर किलोमीटरभरही नाही. पण दोन्ही दोन वेगळ्या टेकड्यांवर आहेत आणि मध्ये बायशा नावाचा सखल भाग आहे. एकावरून उतरून दुसऱ्यावर चढायचं, पुन्हा उतरायचं, असं दोनदा झालं की पाय बोलायला लागतात आणि उरलेला दिवस बाकावर जातो.

म्हणून खालची आखणी दोन गोष्टींवर उभी आहे. चढ नेहमी बसने, लिफ्टने किंवा सरकत्या जिन्याने पार करायचा आणि उतार पायी. आणि बेलें हा पश्चिमेकडचा नदीकाठचा भाग सकाळी, आल्फामा हा किल्ल्याखालच्या जुन्या गल्ल्यांचा भाग संध्याकाळी. बेलेंमधल्या जेरोनिमुश मठात आत जायला वेळ बांधलेली असते आणि साडेदहानंतर सहलींच्या बसगाड्या, बंदरात लागलेल्या क्रूझचे प्रवासी असे सगळे एकदम तिथे पोचतात. आल्फामाच्या गल्ल्यांना दार नाही, तिकीट नाही. त्या संध्याकाळीही तिथेच असतात आणि तेव्हा जास्त छान दिसतात.

आधी वार बघा

मंगळवार ते शनिवार यांपैकी कुठलाही दिवस चालेल. सोमवारी जेरोनिमुश मठ बंद असतो, बेलेंचा बुरूज बंद असतो, बरीच सरकारी संग्रहालयंही बंद असतात. रविवारी सकाळी मठाच्या चर्चमध्ये प्रार्थना असल्याने पर्यटकांना आत फिरता येत नाही आणि कार्मोचं संग्रहालय रविवारी बंद असतं. १ जानेवारी, ईस्टरचा रविवार, १ मे, १३ जून आणि २५ डिसेंबर हे दिवसही टाळा. १३ जून हा संत अँथनीचा दिवस, लिस्बनचा स्वतःचा सण. आदल्या रात्री आल्फामात रस्त्यावर सार्डिन भाजत लोक पहाटेपर्यंत नाचतात. तो सोहळा बघायचा असेल तर मुद्दाम १२ जूनला जा, पण मग दुसऱ्या दिवशी स्थळदर्शनाचा विचार सोडा.

सोमवारच हाती असेल तर बेलें फक्त बाहेरून बघा, तासाभरात आटपा आणि वाचलेला वेळ किल्ल्याला आणि कार्मोला द्या. ती दोन्ही सोमवारी उघडी असतात.

व्हिसा, घड्याळ आणि सामान

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतोच, अगदी दोन विमानांच्या मधल्या आठ तासांत शहर बघून यायचं असेल तरी. ब्रिटनचा किंवा अमेरिकेचा व्हिसा, ग्रीन कार्ड, यांपैकी काहीही इथे चालत नाही. लंडनहून शनिवार-रविवार गाठून येणाऱ्या मराठी मंडळींची गल्लत नेमकी इथे होते. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान दीड-दोन महिने हाताशी ठेवा.

लिस्बनचं घड्याळ लंडनबरोबर चालतं, पॅरिस-माद्रिदबरोबर नाही. भारतापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे. स्पेनमधून रस्त्याने किंवा बसने येणाऱ्यांना एक तास फुकट मिळतो, परत जाताना तोच जातो.

मधल्या थांब्यात शहर बघणाऱ्यांनी हिशेब असा करावा: विमान उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेला दीड तास धरा, कारण युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशांची रांग इथे खूप लांबते. परतताना विमानाच्या अडीच ते तीन तास आधी विमानतळावर असायला हवं. दोन्हीकडचा मेट्रोचा वेळ मिळून तास. म्हणजे दहा तासांच्या थांब्यातले साडेचार-पाच तास हातात राहतात. तेवढ्यात बेलें बसत नाही. बायशा, किल्ला आणि आल्फामा एवढंच करा. आठ तासांहून कमी थांबा असेल तर विमानतळातून बाहेरच पडू नका.

चाकांची बॅग घेऊन लिस्बनमध्ये फिरणं म्हणजे शिक्षा आहे. सामान विमानतळावरच्या सामानघरात किंवा रोसियु आणि सांता आपोलोनिया या रेल्वे स्थानकांवरच्या लॉकरमध्ये ठेवा.

तिकीट कुठलं घ्यायचं

मेट्रो स्थानकातल्या यंत्रातून 'नावेगांत' नावाचं कार्ड घ्या. कार्डाचे ५० सेंट आणि वर जो भरणा कराल तो. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं. एकच कार्ड घरातल्या चौघांनी दाराशी पुढेमागे द्यायचं, हे चालत नाही.

त्यावर दोन प्रकारचा भरणा होतो. 'झापिंग' म्हणजे पैसे भरून ठेवायचे आणि प्रत्येक प्रवासाला पावणेदोन युरोंच्या आसपास कापले जातात. दुसरा २४ तासांचा पास, सुमारे ७ युरोंचा. त्यात मेट्रो, बस, ट्राम सगळं येतं, पण उपनगरी रेल्वे येत नाही. चार प्रवासांपर्यंत झापिंग बरं, पाचपासून पुढे पास. विमानतळावरून थेट आलात तर दिवसभरात सहाएक प्रवास होतातच, तेव्हा पास घ्या. एका कार्डावर एका वेळी एकाच प्रकारचा भरणा राहतो, त्यामुळे झापिंगचे पैसे शिल्लक असताना त्यावर पास चढत नाही. यंत्रापुढे अडलेल्या बहुतेकांची अडचण हीच असते.

पास असला तरी प्रत्येक वेळी चढताना यंत्राला कार्ड लावायचं. तपासनीस येतात आणि दंड जबर असतो. ट्राममध्ये चढून रोख तिकीट काढलं तर तीन युरोंहून जास्त पडतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट.

शहराचं पर्यटक कार्ड, 'लिश्बोआ कार्ड', एका दिवसासाठी ३० युरोंच्या आसपास आहे. जेरोनिमुश मठ आणि दिवसभराची वाहनं एवढाच वापर असेल तर ते फिटत नाही. दोन-तीन संग्रहालयं जास्त करणार असाल तरच घ्या. सांव जॉर्ज किल्ला त्यात मोफत नाही, फक्त सवलत आहे. आणि कार्ड हातात असलं म्हणून रांग टळेल असं गृहीत धरू नका.

आगाऊ काढायचं तिकीट एकच: जेरोनिमुश मठाचं, सकाळच्या पहिल्या वेळेचं, अधिकृत संकेतस्थळावरून. २०२५ मध्ये ते १८ युरो होतं.

सकाळी आठ: बेलें

बेलें शहराच्या मध्यापासून सहा-सात किलोमीटर पश्चिमेला, तेजो नदीच्या काठावर. फिगेरा चौकातून किंवा प्रासा दु कोमेर्सियु चौकातून १५ क्रमांकाची ट्राम, साधारण अर्धा तास. साडेसातच्या सुमारास ती रिकामी असते. झापिंग असेल तर काइश दु सोद्रे स्थानकावरून कास्काइशची लोकल घ्या, सात-आठ मिनिटांत बेलें. मात्र जलद गाडी बेलेंला थांबत नाही, ती पुढे निघून जाते. फलकावर बेलें लिहिलंय का ते बघूनच चढा.

बेलें स्थानकासमोरच आफोंसो द आल्बुकेर्क चौक आहे. उंच खांबावर उभा आहे तो १५१० मध्ये गोवा जिंकणारा आल्बुकेर्क. खांबाच्या पायथ्याशी त्याच्या कारकिर्दीतले प्रसंग कोरलेले आहेत. जुन्या गोव्याची चर्चं, वसईचा किल्ला, रेवदंड्याची तटबंदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या चौकापासूनच कळायला लागतं की तिकडच्या गोष्टीचं दुसरं टोक इथे आहे. पाच मिनिटं पुरेत. चौकापुढचा गुलाबी वाडा हे राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान.

तिथून पश्चिमेला रुआ द बेलें या रस्त्यावर निळ्या छपऱ्यांची मिठाईची पेढी आहे. १८३७ पासून इथे 'पाश्तेल' म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची छोटी खुसखुशीत टार्ट विकली जाते. मूळ कृती शेजारच्या मठातली. सकाळी आठला उघडते. दहानंतर दारात रांग दिसते, पण ती बहुतेक वेळा बांधून नेणाऱ्यांची असते. आत अनेक दालनं आहेत आणि बसायला जागा पटकन मिळते. टार्ट गरम असतानाच, वरून दालचिनी आणि पिठीसाखर टाकून खायची. अंडं न खाणाऱ्यांसाठी मात्र इथे काहीच नाही: टार्टमधला मुख्य घटकच अंड्याचा बलक आहे.

आता नदीकडे. मध्ये रेल्वेमार्ग आणि आव्हेनिदा दा इंदिया, म्हणजे 'भारत मार्ग' नावाचा मोठा रस्ता आहे. तो वरून ओलांडायचा प्रयत्न करू नका. मठासमोरच्या बागेच्या टोकाला भुयारी पायवाट आहे, ती थेट दर्यावर्दींच्या स्मारकापाशी निघते. आजचं काँक्रीट-दगडाचं स्मारक १९६० मधलं. गलबताच्या नाळेवर राजपुत्र हेन्री आणि त्याच्या मागे राजे, नाखवे, नकाशाकार, पाद्री. वर जायची लिफ्ट आहे, पण त्यावर वेळ घालवण्यापेक्षा समोरच्या फरशीकडे बघा. ५० मीटर व्यासाचं दिशाचक्र आणि त्याच्या मधोमध जगाचा नकाशा, त्यावर गलबतं आणि कुठे कधी पोचले त्याची वर्षं. हे फुकट आहे आणि सकाळी त्यावर गर्दी नसल्यामुळे सगळं वाचता येतं.

काठाकाठाने पश्चिमेला दहा-बारा मिनिटांवर बेलेंचा बुरूज. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बंदराच्या रक्षणासाठी बांधलेला. आत जाण्यात फार हशील नाही: जिना एकच, अरुंद, वर-खाली जाणाऱ्यांना आळीपाळीने सोडतात आणि एका दिवसाच्या फेरीत तासभर त्यात जातो. शिवाय दुरुस्तीसाठी तो बंदही राहिलेला आहे. बाहेरून मात्र नीट बघा. पश्चिम बाजूला एका टेहळणी घुमटीच्या तळाशी झिजलेलं गेंड्याचं डोकं आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने आल्बुकेर्कच्या वकिलांना दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने निघून मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला, त्याची ही खूण. युरोपने शतकानुशतकं जिवंत गेंडा पाहिला नव्हता. पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि १५१६ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो मेला. दगड इतका झिजला आहे की मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघावं लागतं.

साडेनऊ: जेरोनिमुश मठ

बुरुजापासून मठ एक किलोमीटर, पंधरा मिनिटं. वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचा. इथे दोन वेगळी दारं आहेत: एक चर्चचं, एक मठाच्या आतल्या चौकाचं. लोक चुकीच्या रांगेत अर्धा तास उभे राहतात. हातात वेळेचं तिकीट असेल तर आधी चौक.

मठाचं काम १५०१-०२ च्या सुमारास, मनुएल राजाच्या काळात सुरू झालं. पैसा आला तो आफ्रिका आणि पूर्वेच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. मिरी, दालचिनी, लवंग यांचं उत्पन्न त्यातून वगळलं होतं, कारण ते थेट राजाच्या तिजोरीत जायचं. तरीही वर्षाला सुमारे ७० किलो सोन्याइतकी रक्कम जमत होती. कोकण-मलबारच्या किनाऱ्यावरून गेलेल्या मालाचा वाटा या दगडात आहे, आणि ते ध्यानात ठेवून चौकात उभं राहिलं की नुसतं 'किती सुंदर कोरीव काम' एवढ्यावर थांबता येत नाही.

चौक दुमजली आहे. आधी खालचा मजला डावीकडून पूर्ण फिरा, मग वर जा. खांबांवर पिळलेले दोरखंड, गाठी, वनस्पती, कल्पित प्राणी, खगोलगोल आणि ख्रिस्ताच्या लष्करी पंथाचा क्रूस असं सगळं दिसतं. दर्यावर्दी राज्याने गॉथिक शैलीला दिलेलं हे स्वतःचं वळण, याला मनुएलीन म्हणतात. सकाळी दहाच्या आत ऊन तिरपं येतं आणि कोरीव कामाच्या सावल्या खोल दिसतात. दुपारी हेच सपाट वाटतं. वरच्या मजल्यावरून चर्चच्या गायनसज्जात जाणारं दार आहे, ते चुकवू नका. तिथून संपूर्ण चर्च वरून दिसतं: झाडासारखे वर जाऊन फांदणारे सडपातळ खांब आणि त्यावर तोललेलं छत. १७५५ च्या भूकंपात शहराचा मोठा भाग कोसळला, तेव्हा हा मठ बहुतांशी टिकला.

मग खाली येऊन चर्चमध्ये. दारातून शिरताच सज्जाखालच्या अंधारात डावीकडे वास्को द गामाची समाधी, उजवीकडे त्याच्या सफरीवर महाकाव्य रचणारा कवी लुईश द कामोंइश, जो काही वर्षं गोव्यात राहिला होता. गामा १५२४ मध्ये कोचीला वारला आणि तिथेच पुरला गेला. अस्थी पुढे पोर्तुगालला आणल्या आणि एकोणिसाव्या शतकात या चर्चमध्ये. बहुतेक जण इथूनच परत फिरतात. तुम्ही पुढे वेदीपर्यंत जा. राजघराण्याच्या शवपेट्या तिथे संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत.

चौकाला पाऊण तास, चर्चला वीस मिनिटं. अकराच्या आत बाहेर. मठासमोरच परतीची १५ क्रमांकाची ट्राम थांबते. भरून आली तर तिच्यामागे न लागता ७२८ क्रमांकाची बस घ्या, तीही नदीकाठानेच प्रासा दु कोमेर्सियुला जाते.

बायशा आणि जेवण

प्रासा दु कोमेर्सियु हा नदीकडे उघडलेला प्रचंड चौक. इथे राजवाडा होता आणि त्याच्याच आवारात 'काझा दा इंदिया', म्हणजे भारताशी होणाऱ्या सगळ्या व्यापाराची कचेरी. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा दिवस, सकाळी पावणेदहाच्या सुमारास लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. त्यानंतर तेजोतून त्सुनामी आत आली आणि मेणबत्त्यांपासून लागलेली आग कित्येक दिवस जळत राहिली. राजवाडा, कचेरी, कागदपत्रं, सगळं गेलं. मंत्री पोंबाल याने सखल भाग नव्याने आखला: सरळ काटकोनी रस्ते, एकसारख्या इमारती आणि भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा, म्हणजे हादरे बसले तरी इमारत कोसळू नये. रस्त्यांची नावं धंद्यांवरून पडली: चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. कमानीखालून रुआ आउगुश्ताने सरळ उत्तरेला चालत गेलात की ही आखणी आपोआप समजते. कमानीवर जायला लिफ्ट आहे आणि तिथून चौक आणि रस्ता दोन्ही एकदम दिसतात.

रुआ आउगुश्तावर मात्र जेवू नका. रस्त्यात टेबलं मांडून, फोटोंचं मेन्यूकार्ड दाखवत बोलावणारी हॉटेलं महाग असतात आणि जेवण सुमार. दोन गल्ल्या बाजूला जा आणि दारावर हाताने लिहिलेला 'प्रातु दु दिया', म्हणजे आजचं ताट, शोधा. बारा ते तीन मिळतं. बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं, ते फुकट नसतं. याला 'कुव्हेर' म्हणतात, खाल तेवढ्याचे पैसे लागतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कुणाला वाईट वाटत नाही.

शाकाहारी मंडळींनी सूपवर विसंबू नये. 'काल्दु व्हेर्द' हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप दिसायला निरागस असतं, पण त्यात डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती घालतात. 'सें कार्न, सें पेश' म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं सांगा आणि भाज्यांचं सूप, सॅलड, भाताची चौकशी करा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या.

दीड वाजता: कार्मोचा चढ, फुकटात

सांता जुश्ताची १९०२ मधली लोखंडी लिफ्ट बघायला देखणी आहे. तिच्यात बसण्यासाठी मात्र अनेकदा तासभर रांग असते आणि प्रवास मिनिटभराचा. खालून बघा, फोटो काढा आणि बायशा-शियादू मेट्रो स्थानकात शिरा. बायशा बाजूच्या दारातून आत गेलात की सरकत्या जिन्यांनी वर शियादू बाजूला बाहेर पडता येतं. तिकीट लागत नाही, कारण फाटकं ओलांडायची नसतात. चढ संपला.

तिथून पाच मिनिटांवर कार्मो चौक. मठाची स्थापना चौदाव्या शतकाच्या अखेरची. भूकंपात छत कोसळलं आणि पुढे अर्धवट सुरू झालेली दुरुस्ती सोडून दिली गेली. आज कमानींच्या बरगड्या उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. आतलं छोटं पुराणवस्तू संग्रहालय धावतं बघितलं तरी चालेल, पण त्या उघड्या चर्चमध्ये वीस मिनिटं थांबा. भूकंपाबद्दल कितीही वाचलं तरी इथे उभं राहिल्याशिवाय तो कळत नाही. चौकातल्या निमलष्करी दलाच्या मुख्यालयात २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही राजवटीच्या पंतप्रधानाने शरणागती पत्करली. फुलांच्या क्रांतीचा तो शेवटचा टप्पा.

चर्चच्या बाजूने लिफ्टच्या वरच्या पुलापाशी जाता येतं, तिथून बायशा आणि समोरचा किल्ला दिसतो. मग उतरत रोसियु चौकात. काळ्या-पांढऱ्या दगडी लाटांची फरसबंदी इथली खास. पावसात हे चुनखडीचे गुळगुळीत तुकडे काचेसारखे निसरडे होतात, म्हणून रबरी तळव्याचे, खाच असलेले बूट हवेत. चपला आणि झिजलेले स्नीकर्स उतारावर दगा देतात. चौकाच्या कोपऱ्यातलं सांव दोमिंगुश चर्च १९५९ मध्ये आतून जळालं. भाजलेले, तडकलेले खांब तसेच ठेवले आहेत. पाच मिनिटं आत जा.

साडेतीन: किल्ला

फिगेरा चौकातून ७३७ क्रमांकाची छोटी बस थेट किल्ल्याच्या दारापर्यंत जाते. ती वेळेवर आली नाही तर दुसरी वाट आहे. रुआ दुश फांकेइरुशवर एका इमारतीत महापालिकेची मोफत लिफ्ट आहे. तिने वर गेल्यावर समोरचा रस्ता ओलांडून सुपरमार्केटच्या इमारतीतली दुसरी मोफत लिफ्ट घ्या. मग दारापर्यंत दहा मिनिटांचा सौम्य चढ उरतो.

जिच्यासाठी सगळे धावतात ती २८ क्रमांकाची पिवळी ट्राम या आखणीत मुद्दाम नाही. मार्तिं मोनिज थांब्यावर दिवसा तिच्यासाठी लांब रांग असते, आत चेंगराचेंगरी आणि खिसेकापू. बसायचीच असेल तर रात्री आठनंतर बसा. पैशाचं पाकीट कुठल्याही ट्राममध्ये मागच्या खिशात ठेवू नका आणि पाठीवरची पिशवी पुढे घ्या. ग्लोरियाची टेकडीगाडीही धरू नका. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तिला भीषण अपघात झाला.

किल्ल्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ११४७ मध्ये आफोंसो एन्रिकेश राजाने मूरांकडून, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून, तो घेतला, हे खरं. पण आज दिसणारे बुरूज आणि दातेरी तट मोठ्या प्रमाणात १९३८ ते १९४० मध्ये नव्याने उभारलेले आहेत. रायगड-राजगड पायाखाली घातलेल्यांना तटबंदी पाहून फारसं काही वाटणार नाही. इथे यायचं ते पश्चिमेकडच्या गच्चीसाठी: नदी, लाल पूल, बायशाची काटकोनी आखणी आणि समोर कार्मो, म्हणजे सकाळपासून जे पाहिलं ते सगळं एका नजरेत. तिकीट १५ ते १७ युरो. तेवढे खर्चायचे नसतील तर सरळ पुढच्या टप्प्यावर जा, शेजारचे सज्जे, म्हणजे शहर न्याहाळायच्या मोकळ्या गच्च्या, मोफत आहेत.

मार्च ते ऑक्टोबर किल्ला रात्री नऊपर्यंत उघडा असतो, हिवाळ्यात सहापर्यंत. डिसेंबरात सूर्य सव्वापाचला मावळतो, तेव्हा सूर्यास्त इथूनच बघा आणि आल्फामा दिवेलागणीला उतरा. जूनमध्ये सूर्य नऊला मावळतो, मग घाई कसलीच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ च्या वर गेला तर दुपारी दोन ते पाच कुठेतरी सावलीत काढा आणि किल्ला सहानंतर करा.

आल्फामा: उतरत राहा

किल्ल्यातून खाली आलात की पोर्ताश दु सोल सज्जा, आणि त्याला लागून सांता लुझियाचा. दुसऱ्याच्या भिंतीवर निळ्या टाइल्सची दोन चित्रं आहेत: भूकंपाआधीचा राजवाड्याचा चौक आणि ११४७ चा वेढा. सकाळी ज्या चौकात उभे होता त्याचं गेलेलं रूप इथे बघायला मिळतं.

सज्जापासून खाली जाणाऱ्या पायऱ्या धरा. आल्फामाच्या गल्ल्यांची वळणं मूरांच्या काळातली आहेत. खडकावर वसलेला असल्याने हा भाग भूकंपात बराच वाचला. इथे मोबाईलचा नकाशा गोंधळतो, कारण गल्ल्या एकावर एक आहेत आणि सिग्नल भिंतींत अडकतो. नकाशा खिशात ठेवा. पाय उताराकडे असले की वाट नदीकडेच जाते. सांव मिगेल चर्चचा छोटा चौक वाटेत लागला तर मार्ग बरोबर आहे. तळाशी शाफारिश द देंत्रु हा चौक, तिथे फादो संगीताचं संग्रहालय. लोक इथे राहतात, कपडे वाळत घातलेले असतात, दारं उघडी असतात. आत डोकावून फोटो काढू नका.

वयस्क आई-वडील बरोबर असतील तर या पायऱ्या गाळा. पोर्ताश दु सोलला उबर किंवा बोल्ट बोलवा आणि थेट खाली या. तिथे उभ्या असलेल्या टुकटुक वाल्यांशी चढण्याआधी भाडं ठरवा.

तळापासून नदीच्या काठाने पश्चिमेला वीस मिनिटांवर काइश दाश कोलुनाश, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि दोन खांब. उन्हाळ्यात सूर्यास्त इथून बघावा.

रात्र

घरच्या चवीचं जेवण हवं असेल तर मेट्रोने मार्तिं मोनिजला जा. मागचा मोरारिया भाग दक्षिण आशियाई लोकांच्या दुकानांचा आणि खाणावळींचा आहे, डाळ-भात-भाजी सहज मिळते. गोव्याची सोरपोतेल, शाकुती मिळणारी ठिकाणंही शहरात आहेत, पण ती लहान असतात. आधी फोन करून टेबल राखा.

फादो ऐकायचा असेल तर आल्फामातच थांबा. गाणं आठनंतर सुरू होतं, जेवणाच्या मध्ये मध्ये, तुकड्या-तुकड्यांनी. किमान खर्चाची अट असते, ती बसण्याआधी विचारा. दिवे मंद झाले की बोलणं थांबवायचं, काटे-चमचेही थांबवायचे. यात ढिलाई चालत नाही.

मेट्रो रात्री एकपर्यंत चालते. विमानतळासाठी हिरव्या मार्गाने आलामेदा आणि तिथे बदलून लाल मार्ग, पाऊण तास धरा. संपाच्या दिवशी मेट्रो पूर्ण बंद राहू शकते, म्हणून आदल्या रात्री 'ग्रेव्ह' म्हणजे संप आहे का ते तपासा. टॅक्सीला मध्यभागापासून साधारण १५ ते २० युरो लागतात. लंडन, दुबई किंवा अमेरिकेला जाणाऱ्यांना सुरक्षा तपासणीनंतर पासपोर्टची दुसरी रांग लागते, तेव्हा खरेदीची दुकानं बघत बसू नका, आधी ती रांग ओलांडा.